ओल्या फडक्यानं पुसणे

इक्या, तुझ्या दुकानात अजून रोज अकराला वाजतंय.

तुला माती देऊन आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चार-पाच जण चौकात उभे होतो. तुझं शटर खाली, कुलूप बाहेरून. आणि बरोबर अकराला आतून गिटार सुरू झाली. आधी ती तुझी आवडती बारीक घरघर, मग धाडकन सगळं एकदम. चहावाल्याच्या हातातली किटली खाली पडली. तालमीचे वस्ताद, ऐंशी पार केलेला माणूस, उभ्या जन्मात कुणाला भ्यालेला नाही, त्यांनी माझा दंड धरला. म्हणाले, "सदू, आत कोण हाय रं?"

मला कारण माहीत होतं. तूच दाखवलं होतंस की! तुझा तो खटारा कॉम्प्युटर, लाइट आली की आपोआप सुरू होणारा, त्यात वर्षाच्या दर दिवसाचं एक गाणं भरून ठेवलेलं, आणि वेळ लावलेली अकराची. "मी गावाला गेलो तरी चौकाला चुकायचं न्हाय," असं छाती काढून सांगितलंस. एवढं सगळं माहीत असूनही माझ्या अंगावर काटा आला. शटर थरथरत होतं रे. पाण्याचा टँकर जवळून गेल्यावर थरथरतं ना, तसं. वाजवणाऱ्यांतले निम्मे कधीच गेलेले, लावणारा काल गेलेला, आणि आवाज मात्र हाडात शिरत होता.

भाभींना म्हटलं, चावी द्या, बंद करून येतो. त्या पदर तोंडाला लावून बसलेल्या. म्हणाल्या, "राहू द्या सदूभाऊ. अकरा वाजलं की वाटतं, ह्ये आत हाईत. चाळिसावा हुईस्तोवर तरी राहू द्या." मग मी कोण बंद करणार?

तर वाजतंय. आज बारावा दिवस. तुमच्यात तिसरा मोजतात, आमच्यात तेरावा, मी आपला रोजच मोजतोय.

तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. तू बोर्ड रंगवणारा. आपल्या पेठेतल्या निम्म्या दुकानांची नावं, ट्रकच्या पाठीवरचे वाघ, तालमीच्या भिंतीवरचा हनुमान, सगळं तुझ्या हातचं. मग फ्लेक्स आला आणि तुझ्या ब्रशला काम उरलं नाही. दुकानाबाहेर अक्षरांचे नमुने दाखवायला तू एक लाकडी फळा टांगला होतास, तो रिकामा पडला. आपल्याकडं दर तालमीपुढं फळा असतोच. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, कुणी कुठली कुस्ती मारली. तू म्हणालास, "सगळ्यांचं लिहित्यात. आपल्या माणसांचं कोण लिहिणार?"

आपली माणसं म्हणजे कोण, तर साता समुद्रापलीकडचे, लांब केसांचे, काळ्या कपड्यातले, गळ्याच्या शिरा फुटेस्तोवर ओरडणारे. आज अमक्या बँडच्या पहिल्या तबकडीला पन्नास वर्षं, हार्दिक अभिनंदन. आज तमका गिटारवाला गेला, विनम्र अभिवादन. खाली शुभेच्छुक म्हणून तुझं एकट्याचं नाव. वीसेक वर्षं हे चाललं. त्यांची नावं मी इथं लिहीत नाही. एखाद्याचा उच्चार चुकला तर तू कबरीतून उठून येशील, आणि सध्या मला त्याची खरोखर भीती वाटते.

लोक आधी हसले. मग सवय झाली. मग तर लागणच झाली! आठवतंय का, तू त्या मेलेल्या गायकाचं चित्र काढलंस, खांद्यावर रुळणारे केस, खोल गेलेले डोळे, दाढी? पुण्यतिथी लिहिलंस. सकाळी वस्ताद व्यायाम करून आले, त्यांनी चित्र बघितलं, चपला काढल्या आणि परत जाऊन झेंडूचा हार घेऊन आले. नारळ फोडला. तुला म्हणाले, "लई तेज हाय बाबांच्या चेहऱ्यावर. मठ कुठं हाय ह्यांचा?" तू खोबरं वाटलंस. पुढं दर वर्षी वस्ताद आठवडाभर आधी विचारायचे, "केसवाल्या बाबांची तिथी जवळ आली का रं?" तो गायक कसा गेला, काय काय नशा करून गेला, हे त्यांना सांगायचं नाही अशी तू मला शपथ घातलीस. मी म्हटलं, अरे, ही फसवणूक आहे. तू म्हणालास, "फसवणूक कसली? त्यानं हार मिळावा असं काय कमी वाजवलंय?" गायला, वाजवलं नाही, असं मी म्हटलं, आणि पुढचे दोन तास आपण त्याच्यावरच भांडलो.

आपली भांडणं अशीच. बँडमधला मूळ गायक गेला, दुसरा आणला, तर वाढदिवस पहिल्यापासून धरायचा का दुसऱ्यापासून? फुटलेल्या बँडचा वाढदिवस धरायचा का? मी म्हणायचो, नाही. जे संपलं त्याचं कसलं वय वाढतंय? तू चिडायचास. "एकदा नाव ठेवलं म्हणजे झाला बँड. एकदाबी वाजवलं नसलं तरी झाला." हे तू म्हणालास आणि माझ्याकडं बघितलंस. मी चहाचा ग्लास परत द्यायच्या निमित्तानं उठलो. ते भांडण तिथंच राहिलं आणि ते मीच मुद्दाम तसं ठेवलं, हे आता कबूल करतो.

फळ्याचे तुझे कायदे होते. रोज कोरड्या फडक्यानंच पुसायचं. एकदा पोलिओच्या मोहिमेच्या बाईंनी सूचना लिहायची म्हणून ओलं फडकं फिरवायला घेतलं तर तू रस्त्यातून धावत आलास. पावसाचे चार थेंब पडले की फळ्यावर प्लॅस्टिक. आणि खालच्या दोन ओळींची जागा कायम मोकळी. मी एकदा खडू घेऊन तिथं काहीतरी खरडायला गेलो तर खडू नुसता घसरला, अक्षर उमटेचना. तू म्हणालास, "तिथं फळा मेलाय. सोड." मीही सोडलं. मला काय ठाऊक!

आणि वर्षातून एक दिवस पूर्ण फळा कोरा.

पाऊस ओसरत आला की येणारा तो दिवस. तुझ्या जाड वहीत दर दिवसाला एक पान, दर पानावर कुणी ना कुणी जन्मलेलं, मेलेलं, नाहीतर कुठली तरी तबकडी बाजारात आलेली. त्या एका दिवशी काहीच नाही. अकराचं गाणंसुद्धा नाही. लोक विचारायचे, "इक्बालभाई, आज कोण न्हाय व्हय?" तू म्हणायचास, "आज कोण न्हाय." मी वारणानगरला डेअरीत नोकरीला होतो तोवर बरं होतं. दर रविवारी तुझ्याकडं यायचो, पण तो दिवस रविवारी आला तर कॉलनीतून बाहेरच पडायचो नाही. रिटायर होऊन राजारामपुरीत फ्लॅट घेतला आणि रोज तुझ्या बाकावर येऊन बसू लागलो, तेव्हा पंचाईत झाली. त्या दिवशी मी मागच्या बोळानं जायचो. तीन वर्षं गेलो. तू दुसऱ्या दिवशी कधी विचारलं नाहीस, काल का नाही आलास.

दोघांनाही माहीत होतं तो कुठला दिवस. तो आपला दिवस होता. गुऱ्हाळचा.

काय नाव ठेवलं होतं रे आपल्या बँडला! चुलत्याच्या गुऱ्हाळघरात हंगाम संपला की कुणी फिरकायचं नाही. तिथं तुझी ती हजारदा सोल्डर केलेली गिटार आणि माझे लग्नाच्या बँडवाल्याकडून आणलेले ड्रम. झांजा म्हणून परातीची झाकणं. बास गिटार वाजवणारा शेवटपर्यंत मिळाला नाही. तू आणि मी, आणि ऐकायला चिपाडाचा ढीग. काकवीचा वास भिंतीत मुरलेला, आपल्या घामालाही तोच वास यायचा. माझं मोजणं तुला कधी पटलं नाही. काठीवर काठी मारून मी एक-दोन-तीन-चार करायचो आणि तू गिटार खाली ठेवायचास. "सदू, तू मोजत न्हाईस, पळतोस. परत." दिवसातून वीस वेळा परत.

राजारामपुरीतल्या एका मंडळानं स्टेज दिलं. संध्याकाळी सहा ते सात. तू पोस्टर हातानं रंगवलंस, अक्षरांना काटे काढलेस. आणि त्याच दिवशी सकाळी माझी डेअरीची मुलाखत आली. तू म्हणालास, "जा की. पाचपर्यंत येशील." मी गेलो. साहेबांनी सगळं विचारलं, शेवटी म्हणाले, आणखी काही छंद वगैरे? मी म्हटलं, काही नाही. नोकरी जागेवरच पक्की झाली.

संध्याकाळी तू स्टेजवर तासभर उभा राहिलास आणि मी आलो नाही. दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "काय झालं रं?" मी म्हटलं, "गाडी चुकली." तू म्हणालास, "बरं." आणि दोन चहा सांगितलेस. बास. सदतीस वर्षांत ह्याच्यापुढं एक शब्द नाही.

इक्या, गाडी चुकली नव्हती.

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आता सांगतोय, कारण आता तू चहा सांगणार नाहीस. मी पाचला स्टँडवर उतरलो होतो. चालत आलो. कोपऱ्यावर वळलो तर रस्त्यात ही गर्दी! पाचशे-सहाशे माणूस असेल. स्टेजवर तू माझे ड्रम लावून ठेवले होतेस, परातीची झाकणं दोरीनं बांधून. लोक त्या झाकणांकडं बोट दाखवून हसत होते. कुणीतरी ओरडलं, "अरं, जेवाण कधी वाढताय?" आणि सगळा रस्ता फिदीफिदी हसला. तू पण हसलास. मला हसता आलं नाही. माझ्या खिशात नोकरीचा कागद, अंगात इस्त्रीचा शर्ट. माझे पाय पुढं गेलेच नाहीत. रस्त्याच्या पलीकडं रसवंती होती. तिच्या चरकामागं जाऊन उभा राहिलो. नुसतं उभं राहिलं तर तो हाकलेल म्हणून रस प्यालो. तासाभरात चार ग्लास.

तू माइकवर म्हणालास, "पावणं, पाच मिनिटं. ड्रमवाला वाटेत हाय." थोड्या वेळानं परत. मग परत. चरकाच्या घुंगरांच्या आवाजातून मला तुझा शब्द अन् शब्द ऐकू येत होता. लोक पांगले. पावणेसातला तू गिटारची वायर गुंडाळायला घेतलीस, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, व्यवस्थित, एकही पीळ न पडू देता. मग माझ्या झाकणांच्या गाठी सोडल्यास. मी मागच्या मागं निघून गेलो. त्या दिवसापासून मी उसाचा रस प्यालेलो नाही, आणि लोकांना सांगतो की साखर वाढलीय.

तुझा तो कोरा फळा मला शिक्षा वाटायचा. दर वर्षी एक दिवस, भर चौकात, सगळ्यांसमोर. काही न लिहिता लिहिलेलं. मनात म्हणायचो, शिवी दे, कानाखाली मार, पण हे असलं नको. आणि तुझ्याकडं येऊन बसलो की तू आपला नेहमीचा. ड्रमला डबल पेडल चांगलं का सिंगल, ह्याच्यावर भांडायला तयार. मला कधी कळलंच नाही की तू मला माफ केलंस का विसरलास का नुसता गप्प बसलास. मी विचारलं असतं तर गाडी चुकल्याचं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून विचारलं नाही. आणि आता विचारायला तू कुठं आहेस?

बारा दिवसांपूर्वी तोच दिवस होता. नेहमीप्रमाणे मागच्या बोळानं निघालो. अकरा वाजून गेले आणि चौकातून काही ऐकू आलं नाही, तेव्हा मनात म्हटलं, चला, आजचा गेला. हलकं वाटलं मला. हलकं! त्याच वेळी, दोनशे पावलांवर, तू बाकावर बसल्या बसल्या गेला होतास.

वस्तादांनी सांगितलं ते सांगतो. सकाळी तू फळा पुसलास, मग बाकावर बसलास. एकदा फळ्याकडं बघायचास, एकदा रस्त्याच्या पलीकडं. पलीकडं काय होतं? काही नाही, बंद झालेली पिठाची गिरण. वस्तादांनी हाक मारली. तू बघितलं नाहीस. जवळ आले तर तुझ्या हातात फडकं होतं, त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. चेहरा कुणाला तरी ओळखल्यासारखा, असं म्हणाले. मी म्हटलं, वस्ताद, पुरे.

पण ते थांबले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सदू, एक सांगू का? हसू नगंस. त्या दिवशी ह्यो फळा आपोआप लिवतो. मी दोनदा बघितलंय. अक्षरं येत्यात आन् जात्यात. इक्बाल नुसता बसलेला असतोय, हातात खडूबी न्हाय." काय लिहितो, विचारलं तर म्हणाले, माझ्या डोळ्यांना दिसंल तर खरं. मी त्यांना मोतीबिंदू काढून घ्या म्हणून सांगितलं. पण त्या दिवसापासून मी फळ्याला पाठ करून बसत नाही.

हे बारा दिवस कसे गेले, विचारू नको. रोज साडेदहाला बाकावर येतो. अकराला तू सुरू होतोस. फळा तसाच कोरा, तू पुसून गेलास तसा, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. कुत्रंसुद्धा त्या भिंतीला जात नाही, हे माझ्या मनाचे खेळ असतील, पण मी बघितलंय. परवा गाणं ऐन रंगात आणि मध्येच थांबलं. एकदम चिडीचूप. मी उठून शटरला कान लावला आणि माझ्याच तोंडातून निघून गेलं, "इक्या?" मोठ्यानं. सगळा चौक माझ्याकडं बघतोय. लाइट गेली होती, दुसरं काही नाही. पण ते अर्धं मिनिट मी तुझ्या उत्तराची वाट बघत होतो. आणि उत्तर आलं असतं तर मी काय केलं असतं?

आज सकाळी भाभी दुकानात आल्या. शटर अर्धं वर केलं. आतून टर्पेंटाइनचा आणि तुझ्या विडीचा वास आला. तुझी वही माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "सदूभाऊ, बारा दिवस फळा मोकळा हाय. चौकाला बरं वाटंना. आता तुम्हीच लिवा." मी म्हटलं, माझं अक्षर तुम्ही बघितलंय का? त्या म्हणाल्या, "ह्यांनी सांगून ठेवलंय. मी न्हाय तवा सदू लिवंल. त्यो येतोय म्हणाले."

वही उघडली. आजचं पान काढायचं सोडून हात आपोआप त्या पानाकडं गेला. वाटत होतं, ते कोरंच असणार. कोरं नव्हतं. वर कुणाचं नाव नाही, बँड नाही, तबकडी नाही. तुझ्या त्या वळणदार हातात एवढंच, "ओल्या फडक्यानं पुसणे. समोर बसणे."

मी ते तीनदा वाचलं. ज्या फळ्याला तू आयुष्यभर पाण्याचा थेंब लागू दिला नाहीस! बादली भरली. तुझंच फडकं घेतलं, वाळून कडक झालेलं, तुझ्या मुठीचा आकार धरून बसलेलं. बुडवलं, पिळलं, आणि वरपासून खालपर्यंत फिरवलं. काळा रंग ओला होऊन चकाकला. मग मी बाकावर जाऊन बसलो.

आणि इक्या, अक्षरं आली.

खाली, त्या मेलेल्या दोन ओळींत. जिथं खडू धरत नव्हता तिथं पाणीही धरेना. सगळा फळा ओला आणि मधे कोरडी, फिकी अक्षरं, काटे काढलेली, पोस्टरवर होती तशी. मला आधी ओरडावंसं वाटलं. मग डोक्यात प्रकाश पडला. मेण. तू मेणानं लिहिलं होतंस. दर वर्षी फळा नव्यानं काळा करायचास, तेव्हा वरून परत मेण फिरवत असणार. बोर्डवाल्याची ती जुनी हातचलाखी, तूच मला कधीतरी पाटीवर करून दाखवली होतीस. कळलं तरी अंगातली थंडी जाईना. कारण मी वाचलं.

"ड्रमवाला समोर रसवंतीवर उभा हाय.
पावणं, पाच मिनिटं थांबा."

तू बघितलं होतंस. पहिल्यापासून. चरकामागं, इस्त्रीच्या शर्टात, रसाचा ग्लास तोंडाला लावून उभा असलेला मी, तुला स्टेजवरून दिसत होतो. आणि तू सहाशे लोकांना सांगितलंस की वाटेत हाय. माझी लाज तू तिथं झाकलीस आणि दुसऱ्या दिवशी चहासुद्धा पाजलास. तो कोरा फळा शिक्षा नव्हता रे. तू दर वर्षी तो ओला करायचास आणि समोर बसून रस्त्यापलीकडं बघायचास, मी येतोय का. आणि मी गाढव मागच्या बोळानं जात होतो.

ऊन चढलं. अक्षरं एका टोकापासून बुजत गेली. मी परत फडकं फिरवलं. परत आली. परत गेली. किती वेळा केलं, मोजलं नाही. वस्ताद शेजारी येऊन बसले होते, त्यांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "बघ, लिवतोय का न्हाय?" मी म्हटलं, लिवतोय वस्ताद. काय म्हणतोय, असं त्यांनी विचारलं. मी फडकं परत बादलीत बुडवलं. त्यांनी त्यांचा तो जाडजूड पंजा माझ्या पाठीवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

भाभी आतून म्हणाल्या, "अकरा वाजत आलं."

मी उठलो. रस्त्यापलीकडं नाही गेलो, बोळात नाही गेलो. तुझ्या शटरला लागून उभा राहिलो. आजचं गाणं मला माहीत आहे. सुरुवातीला बराच वेळ नुसती गिटार, ड्रम उशिरा येतात. ह्यालाच तू आळशी गाणं म्हणायचास आणि मी म्हणायचो, ड्रमवाल्याची वाट बघणारं गाणं. आतून तुझी ती घरघर सुरू झाली. शटर हाताखाली थरथरायला लागलं. अर्ध्या उघड्या अंधारात तुझं स्टूल दिसत होतं, त्यावर कुणी नव्हतं, आणि मला तिकडून नजर काढता येईना. लोक जमले. कुणीतरी हसलं असेल. हसू दे.

तू पाच मिनिटं म्हणाला होतास. मला जरा जास्त लागली.

दोन्ही हातांची बोटं शटरवर ठेवली आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार. सावकाश मोजलं, इक्या. ह्या खेपेला पळालो नाही.